गाडीवरचा डोनट: आठच्या आत खा, नाहीतर राहू द्या

आधीच सांगते, हा कुठल्या दुकानाचा रिव्ह्यू नाहीये. मॅनहॅटनमध्ये सकाळी फुटपाथच्या कडेला त्या स्टीलच्या चकचकीत गाड्या उभ्या असतात ना, आत एक माणूस जेमतेम मावलेला, पुढे काचेच्या कप्प्यांत बेगल, मफिन, क्रोसाँ आणि डोनट रचून ठेवलेले, त्या गाडीवरच्या डोनटबद्दल लिहितेय. गाडीला बहुतेक वेळा नावच नसतं, त्यामुळे स्टार नक्की कुणाला द्यायचे हाही प्रश्नच आहे. कोविडची दोन वर्षं सोडली तर गेली आठ वर्षं आठवड्यातून निदान तीनदा खातेय, म्हणजे ह्या विषयावर बोलायचा थोडाफार अधिकार मला आहे असं मी समजते. नवऱ्याचं म्हणणं, ह्याला अधिकार नाही, व्यसन म्हणतात.

निकाल पहिल्यांदा सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. डोनट म्हणून बघाल तर दहापैकी सहा. सकाळी सव्वासातला, थंडीत, हातात कॉफीचा कप असताना खाल्लात तर नऊ. आणि तोच डोनट साडेदहाला खाल्लात तर तीन, तेही भूक लागली असेल तर. गाडी तीच, ट्रे तोच, गाडीवाला तोच. माझं सगळं म्हणणं ह्याच्याभोवतीच आहे, बाकी खाली जे लिहिलंय ते पाल्हाळ समजा.

मी जर्सी सिटीहून येते. पाथ ट्रेन ३३व्या स्ट्रीटला उतरवते, जिने चढून वर आलं की सहावा ॲव्हेन्यू, आणि तिथून ऑफिसपर्यंत सात-आठ मिनिटं चालायचं, त्या रस्त्यात मला चार गाड्या लागतात. माझी ठरलेली तिसरी. ठरलेली का, ते शेवटी सांगते कारण त्यात डोनटच्या चवीचा संबंध तसा कमी आहे. गाडीवाला इजिप्तचा आहे, पन्नाशीचा असेल, मी मनातल्या मनात त्याला काका म्हणते आणि तो मला 'माय फ्रेंड' म्हणतो, अर्थात तो सगळ्यांनाच माय फ्रेंड म्हणतो.

रांगेत सहा-सात लोक दिसले म्हणून पुढे जाऊ नका, दोन मिनिटांत नंबर येतो. ह्या लोकांचा हात काय चालतो बघत राहावं. एकाला सुटे देताना डाव्या हाताने दुसऱ्याचा कप नळाखाली, तिसऱ्याकडे भुवई उडवून 'मिल्क? शुगर?', आणि चौथा नेहमीचा असेल तर त्याला विचारायचंच नाही, तो दिसला की त्याचं सामान पिशवीत. डोनट उचलायची एक पद्धत आहे, वॅक्स पेपरचा चौकोनी तुकडा घ्यायचा, त्यानेच डोनटला अलगद पकडायचं, कागदासकट ब्राउन पिशवीत सोडायचं, वर दोन पेपर नॅपकिन, पिशवीचं तोंड एकदा मुडपलं की काम झालं. पाच सेकंद. मी घरी एकदा त्या वॅक्स पेपरची रीत करून बघितली तर अर्धा ग्लेझ, म्हणजे वरचा साखरेचा थर, कागदाला आणि अर्धा माझ्या बोटांना.

माझ्या गाडीवर डोनट दीड डॉलर आणि छोटी कॉफी दीड डॉलर, म्हणजे तीन डॉलरात काम होतं. मी पहिल्यांदा यायला लागले तेव्हा डोनट एक डॉलर होता. ह्या भागात तीन डॉलरात बसायला खुर्चीसुद्धा मिळत नाही, त्यामुळे भाव वाढला म्हणून रडायचं काही कारण नाही. हल्ली बरेच जण फोनवरून पैसे घेतात पण एक-एकच्या नोटा हातात तयार असल्या की रांग पळते आणि मागचे लोक तुमच्याकडे रागाने बघत नाहीत.

कॉफीबद्दल दोन वाक्यं, नवीन लोकांसाठी. न्यूयॉर्कच्या गाडीवर 'रेग्युलर' कॉफी म्हणजे दूध आणि साखर घातलेली कॉफी. मी पहिल्या आठवड्यात रेग्युलर म्हणजे साधी काळी असेल असं समजून मागितली, आणि गोड दुधाळ कॉफी हातात आली तेव्हा वाटलं की आपला चेहरा बघून दिली की काय. एरवी मला तीच आवडते. पण डोनटबरोबर नाही! डोनटबरोबर बिनसाखरेचीच घ्या, दूध चालेल, साखर नको, नाहीतर पहिल्या घासानंतर डोनट गोड लागतच नाही आणि तुम्ही उगाच त्याला नावं ठेवाल.

आता कप्प्यात काय काय असतं. ग्लेझ्ड, चॉकलेट आयसिंगवाला, रंगीत स्प्रिंकल्सवाला, जेलीवाला, बॉस्टन क्रीम (आत कस्टर्ड, वर चॉकलेट), पिठीसाखरेत घोळवलेला, साधा केक डोनट, दालचिनी-साखरवाला. क्रलर म्हणून एक पिळाचा प्रकार माझ्या गाडीवर फक्त गुरुवारी येतो, का ते विचारलं तर काकांनी खांदे उडवले.

ह्यातला खरा डोनट म्हणजे ग्लेझ्ड. यीस्टचं पीठ, फुगवलेलं, तळलेलं, वर साखरेच्या पाकाचा पातळ पापुद्रा. आपल्याकडच्या लोकांना सांगायचं तर बालुशाहीचा लांबचा भाऊ, फक्त बालुशाही आतून खुसखुशीत आणि जड, हा आतून हवा भरल्यासारखा. चांगला आहे की नाही हे काचेबाहेरूनच कळतं, कसं सांगू? डोनटच्या कडेला बरोबर मध्यावर एक फिकट पट्टा असतो बघा, कमरेला पांढरा पट्टा बांधल्यासारखा. पीठ नीट फुगलेलं असलं की डोनट तेलावर तरंगतो, एक बाजू झाली की उलटायचा, त्यामुळे मधल्या भागाला तेल लागतच नाही आणि तिथे रंग येत नाही. हा पट्टा ठळक असेल तर आत मऊ असणार. पट्टा नसेल, सगळीकडे सारखाच तपकिरी असेल, तर पीठ नीट फुगलं नव्हतं आणि डोनट बुडाला होता, म्हणजे तेल प्यायलेला निघणार. हे मला कुणी शिकवलं नाही, आठ वर्षं रांगेत उभं राहून आणि मग घरी दोन वेळा स्वतः तळून फजिती करून घेऊन कळलंय.

ग्लेझचं सांगते. सकाळी सात-सव्वासातला तो ग्लेझ वरून कोरडा असतो, बोट लावलं तर चिकटत नाही, पण चावलात की कड्कन नाही, अगदी बारीक, कानाला ऐकू न येणारा, दातालाच कळणारा असा तडा जातो आणि खाली लगेच मऊ. ह्या अर्ध्या सेकंदासाठी मी दीड डॉलर देते. नऊ-साडेनऊनंतर आतलं पाणी हळूहळू वर येतं, साखर ते ओढून घेते, ग्लेझ ओलसर चिकट होतो, कागदाला लागतो, आणि आतला मऊ भाग चामट व्हायला लागतो. ब्रेड शिळा होताना स्टार्चचं जे होतं तेच इथे होतं. म्हणून उरलेला डोनट फ्रिजमध्ये ठेवू नका, फ्रिजमध्ये हे आणखी जोरात होतं. बाहेरच ठेवा आणि खाताना मायक्रोवेव्हमध्ये आठ-दहा सेकंद, थोडा तरी ताजा होतो. बारा सेकंदांवर गेलात तर ग्लेझचा पाक होऊन बशीत उतरतो, हेही करून झालंय.

केक डोनट हा वेगळाच प्राणी. त्यात यीस्ट नाही, बेकिंग पावडर, घट्ट बॅटर सरळ तेलात सोडतात, वरून थोड्या भेगा, आतून रवाळ. तो उशिरापर्यंत तग धरतो. साडेनऊला पोचलात आणि डोनटच हवा असेल तर मुकाट्याने साधा केक डोनट घ्या, कॉफीत बुडवून खा, ग्लेझ्डच्या नादी लागू नका. जेलीवाल्याबद्दल माझं मत पूर्वग्रहदूषित आहे कारण एका सोमवारी प्रेझेंटेशनच्या आधी मी चालता चालता चुकीच्या बाजूने चावला. जेली भरायचं भोक एका बाजूला असतं, ते तोंडाकडे ठेवून चावायचं असतं, मी उलटं धरलं आणि सगळी लाल जेली मागच्या बाजूने शर्टावर. पूर्ण मीटिंग स्कार्फ गुंडाळून बसले, जूनमध्ये. पिठीसाखरवाला काळ्या कोटावर खाऊ नका, एवढंच. बॉस्टन क्रीम हिवाळ्यात चांगला, पण जुलै-ऑगस्टमध्ये काचेच्या कप्प्यात चार तास बसलेलं कस्टर्ड मी खात नाही, ज्यांचं पोट दणकट आहे त्यांनी बघावं. स्प्रिंकल्सवाला लहान मुलांचा.

आणि हो, सगळ्यात महत्त्वाचं, कॉफी आणि डोनट एका पिशवीत घालू देऊ नका. कपाच्या उष्णतेने ग्लेझ वितळतो, पिशवीला चिकटतो, आणि ऑफिसात पोचून तुम्ही नखाने कागदावरून साखर खरवडत बसता. दोन पिशव्या मागा किंवा कप हातात घ्या. मी तर कडाक्याच्या थंडीत डोनट कागदासकट कपाच्या झाकणावर ठेवते, सिग्नल सुटेपर्यंत खालून वाफ लागते आणि तळाचा भाग कोमट होतो, लोक बघतात, बघू देत.

आता मुख्य गंमत. मागच्या हिवाळ्यात मी एक उद्योग केला. एका मंगळवारी चारही गाड्यांवरून एकेक ग्लेझ्ड डोनट घेतला, पिशव्यांवर पेनाने एक, दोन, तीन, चार लिहिलं, आणि ऑफिसच्या पँट्रीत प्लास्टिकच्या सुरीने तुकडे करून तीन मैत्रिणींना चाखायला बसवलं, कुठला कुठला ते न सांगता. मला वाटलं होतं माझा तिसरा पहिला येणार. तर झालं काय, एक, दोन आणि तीन ह्यांच्यात कुणालाच काही फरक सांगता येईना. तोच आकार, तोच पांढरा पट्टा, तोच व्हॅनिलाचा वास, एकाच घाण्यातले म्हणावेत इतके सारखे. चौथा वेगळा होता, थोडा लहान, जास्त पिवळट, जायफळाचा वास, आणि तिघींपैकी दोघींना तोच आवडला. मी दिवसभर घुश्शात.

दुसऱ्या दिवशी काकांना विचारलं तर ते हसायलाच लागले. डोनट ते करतच नाहीत, गाडीवर तळणार कुठे? ह्या गाड्या रात्रभर रस्त्यावर ठेवता येत नाहीत, नियमच तसा आहे, रोज काम झालं की गाडी कमिसरीत न्यायची, म्हणजे मोठं गॅरेज, तिथे ती धुवायची, ठेवायची. काकांचं गॅरेज क्वीन्समध्ये लाँग आयलंड सिटीला आहे. तिथे मध्यरात्रीनंतर घाऊक बेकरीची व्हॅन येते, आणि एका गॅरेजमधल्या वीस-पंचवीस गाड्या त्याच व्हॅनमधून माल उचलतात. मग तीन-साडेतीनला गाडी आपापल्या व्हॅनच्या मागे जोडून पुलावरून मॅनहॅटनमध्ये. म्हणजे 'कुठल्या गाडीचा डोनट भारी' हा जो वाद आम्ही ऑफिसात वर्षानुवर्षं घालतोय त्याला काही अर्थच नव्हता! भारी काय ते बेकरी ठरवते आणि घड्याळ ठरवतं. मध्यरात्री तळलेला डोनट सातला सात तासांचा असतो, साडेदहाला साडेदहा तासांचा, साधं गणित आहे, मला कळायला इतकी वर्षं लागली.

इतका एकसारखा का, तर मशीनमुळे. आणि डोनटचं मशीनसुद्धा ह्याच गावचं आहे हे मला नंतर वाचताना कळलं. रशियातून आलेल्या अडॉल्फ लेविट नावाच्या माणसाने १९२० साली न्यूयॉर्कमध्ये डोनट करायचं मशीन काढलं. त्याच्याही आधी, हे शहर डचांच्या ताब्यात होतं आणि न्यू ॲमस्टरडॅम म्हणायचे तेव्हा, ते लोक ओलीकूक खायचे, म्हणजे तेलातला केक, गोड पिठाचे तळलेले गोळे. भोक नंतर आलं. त्या भोकाचा फायदा असा की मधला भाग कच्चा राहत नाही.

आणखी एक गोष्ट जी मला फार आवडली. न्यूयॉर्कने रेस्टॉरंटमध्ये ट्रान्स फॅटवर, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला वाईट अशा फॅटवर, बंदी घातली ती २००६च्या शेवटी ठरली आणि २००७च्या जुलैपासून तळणाच्या तेलाला लागू झाली, पण यीस्टचं पीठ आणि केकचं बॅटर तळणाऱ्यांना, म्हणजे डोनटवाल्यांना, आणखी एक वर्ष दिलं, १ जुलै २००८पर्यंत. कारण डोनटला पातळ तेल चालत नाही नीट, थंड झाल्यावर गोठणारं वनस्पती तुपासारखं फॅट असेल तरच तो हाताला तेलकट लागत नाही आणि ग्लेझ टिकतो. ते बदलून तशीच चव आणणं सोपं नव्हतं. हे वाचल्यावर मला डोनटबद्दल आदर वाटायला लागला. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "अगं पण म्हणजे ते तुपातलंच तळण झालं ना शेवटी, त्यात आदर कसला?"

स्वच्छतेचं विचारणार असाल तर डिसेंबर २०१८पासून गाड्यांनाही हॉटेलांसारखे ए, बी, सी असे ग्रेड मिळायला लागलेत, गाडीवर स्टिकर असतो, बघून घ्या. माझ्या काकांचा ए आहे आणि तो त्यांनी अशा जागी लावलाय की पैसे देताना तुमची नजर तिथेच जाते.

वाईट अनुभव आले नाहीत असं नाही. एका गाडीवर, कुठली ते सांगत नाही, मला चक्क आदल्या दिवशीचा डोनट मिळाला. सकाळी सातला! ग्लेझला बारीक भेगा, खालच्या कागदावर तेलाचा पारदर्शक डाग, आणि दाबला तर परत वर येईना. परत द्यायला गेले तर म्हणाला फ्रेश आहे. मी म्हटलं मग तूच खा. त्याने खाल्ला नाही, पैसेही दिले नाहीत, मी पुन्हा गेले नाही. ट्रेमध्ये वरच्या रांगेतले डोनट एकसारखे तकतकीत आणि खालच्या रांगेतले जरा मलूल दिसले तर बोट दाखवून वरचाच मागा, लाजू नका, गाडीवाले मनाला लावून घेत नाहीत.

लोक विचारतात की शहरात इतके भारी डोनट असताना हा कशाला. खरंय. लोअर ईस्ट साइडचं डोनट प्लांट १९९४पासून आहे, त्यांचा चौकोनी जेली डोनट खाल्लात तर गाडीवरचा जेली डोनट परत तोंडात घालवणार नाही. ग्रीनपॉइंटमधलं पीटर पॅन जुनं, काउंटरवर बसून खायचं ठिकाण, तिथला साधा डोनटसुद्धा गाडीवरच्यापेक्षा दोन पायऱ्या वर. आणि २०१३च्या मे महिन्यात सोहोमध्ये डॉमिनिक ॲन्सेलने क्रोनट, म्हणजे क्रोसाँ आणि डोनटचं मिश्रण, काढला तेव्हा लोक पहाटेपासून रांगा लावत होते. मी हे सगळं खाल्लंय, सगळं आवडलंय. पण तिथे जायचं म्हणजे शनिवार काढावा लागतो, कुणीतरी बरोबर लागतं, फोटो निघतात, कुठला घ्यायचा ह्यावर चर्चा होते. मंगळवारी सव्वासातला, केस ओले, पाथमध्ये उभं राहून पाय दुखलेले, तेव्हा मला पाच डॉलरचा पिस्त्याचा डोनट नको असतो. कुणी काही न विचारता पिशवी हातात द्यावी, एवढंच हवं असतं. गाडी ते देते.

आणि ते देणाऱ्या माणसाचं काय चाललेलं असतं हे कळल्यावर दीड डॉलर मला कमीच वाटायला लागला. गाडीच्या परमिटची संख्या शहराने १९८३ साली बांधून टाकली, तीन हजारांच्या आसपास, आणि मग कित्येक वर्षं वाट बघणाऱ्यांची यादीच पुढे सरकली नाही. सिटीची फी थोडी, पण ज्याच्या नावावर परमिट आहे त्याच्याकडून ते गुपचूप भाड्याने घ्यायचं तर हजारो डॉलर. २०२१मध्ये कायदा बदलला, दहा वर्षं दरवर्षी ४४५ नवीन परवाने द्यायचे ठरलं, बघू. एकेकाळी ह्या धंद्यात ग्रीक लोक खूप होते, मग इजिप्तचे, अफगाणिस्तानचे, बांगलादेशचे आले. ग्रीकांची एक खूण अजून आहे, तो निळा-पांढरा कागदी कप ज्याच्यावर ग्रीक नक्षी आणि 'वुई आर हॅपी टू सर्व्ह यू' लिहिलेलं असतं. तो १९६३ साली लेस्ली बक नावाच्या माणसाने डिझाइन केला, स्वतः ग्रीक नव्हता, चेकोस्लोव्हाकियातून आलेला, नाझींच्या छळछावण्यांमधून वाचलेला. ग्रीक हॉटेलवाल्यांना कप विकायचे म्हणून ग्रीक नक्षी काढली. आता तो कप कमी दिसतो, काकांकडे कधीतरी एखादा गठ्ठा येतो तेव्हा मी दोन दिवस खूश असते.

२०२०च्या मार्चमध्ये ऑफिसं बंद झाली आणि गाड्याही गेल्या. दीड-दोन वर्षांनी मी परत यायला लागले तेव्हा चारपैकी दोनच गाड्या होत्या, तिसरी जागा रिकामी. सहा आठवड्यांनी एका सकाळी गाडी उभी दिसली. मी काही बोलायच्या आत काकांनी पिशवी भरायला घेतली, ग्लेझ्ड एक, कॉफी दुधाची, बिनसाखरेची. दीड-दोन वर्षांनी! माझ्या ऑफिसचा पासवर्ड माझ्या लक्षात नव्हता.

आता सोमवार आणि शुक्रवारी लोक घरूनच काम करतात म्हणून काका त्या दिवशी माल कमी उचलतात, शुक्रवारी ग्लेझ्ड पावणेआठलाच संपतो, लक्षात ठेवा. अकराच्या आसपास गाडी हलते, आणि तिच्या जागी फुटपाथवर फक्त पाण्याचा एक ओला चौकोन उरतो.

तर तिसरी गाडीच का. दोन वर्षांपूर्वी पाथ बोगद्यात अडकली, सिग्नलचं काहीतरी, मी पोचले तेव्हा दहा चाळीस झाले होते. कप्प्यात दोन ग्लेझ्ड उरले होते. मी बोट दाखवलं. काकांनी मान हलवली, "नो." मी म्हटलं आहेत ना दोन. म्हणाले, "नॉट फॉर यू. टुमॉरो," आणि पिशवीत केक डोनट टाकला, त्याचे पैसे घेतले नाहीत. मी बाजूला झाले. माझ्या मागे टाय लावलेला एक माणूस उभा होता, त्याने ग्लेझ्ड मागितला. त्याला हसतमुखाने दोन्ही दिले.